क्षमा केली म्हणून ब्लॉक काढायचा?

मैत्रिणींनो, समाजाच्या ग्रुपमधून नंबर उचलून रात्री 11 वाजता 'डीपी छान आहे' असं लिहिणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं, की घरचेच म्हणतात, "वयानं मोठे आहेत ते, वाईट दिसतं." दिसतं कुणाला? ब्लॉक केल्याची सूचना त्यांना जातच नाही. मेसेजपुढे एकच टिक राहते, एवढंच. आणि पर्युषणात 'क्षमा केलीस ना, मग काढ ब्लॉक' हा आग्रह तर मुळीच मानू नका. वैर मनातून सोडायचं. दाराची कडी काढून ठेवायला कुणी सांगितलंय? ग्रुपवरचे तुमचे मेसेज मात्र त्यांना ब्लॉकनंतरही दिसतात. तेव्हा अ‍ॅडमिनला स्पष्ट सांगा, यांना काढा. तो 'जाऊ द्या ना वहिनी' म्हणाला, तर ग्रुप खुशाल सोडा. पूजेची तारीख जाऊबाई कळवतील.