घटना कुणाची? नकाशा कुणाचा?



गेटावर पाळी सुटताना आम्ही हँडबिलं वाटतो, तेव्हा एक बोल नेहमी कानावर येतो. "भाऊ, पगाराचं बोला, बोनसचं बोला. ते घटनेचं, केंद्राचं अन् राज्याचं वकिलांना सांगा. आपलं काय त्यात?" बोलणारा वाईट माणूस नाही. आठ तास साच्यापुढे उभा राहून आलेला आहे. पण त्याला उत्तर दिलंच पाहिजे. कारण पगार, घर, भाषा आणि पोलिसाची लाठी, या सगळ्यांची दोरी शेवटी त्याच पुस्तकाला बांधलेली आहे.

आपल्या युनियनलाही घटना असते. ती कशासाठी लिहिली? सेक्रेटरी चोर आहे म्हणून नव्हे. उद्या एखादा चोर निघालाच, तर त्याचा हात पेटीपर्यंत पोचू नये म्हणून! वर्गणी कुणी जमवायची, हिशेब कुणापुढे ठेवायचा, संप कुणाच्या मतानं पुकारायचा, हे आधी लिहून ठेवलं की एकाची मर्जी चालत नाही. देशाच्या घटनेचा हेतूही हाच आहे. राज्य करणाराचे हात बांधायचे आणि ज्यांच्यावर राज्य होतं त्यांचे मोकळे ठेवायचे.

ही घटना आभाळातून पडली नाही. १९३५ चा कायदा लंडनच्या पार्लमेंटनं केला. त्यात प्रांतांना थोडा कारभार मिळाला. पण मताचा हक्क जमीन, कर, शिक्षण पाहून दिला गेला. बहुसंख्य कष्टकऱ्यांना मतच नव्हतं. अशा मर्यादित मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक कायदेमंडळांनी १९४६ साली घटना समितीचे सभासद निवडले. ९ डिसेंबर १९४६ ला समिती बसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना मंजूर झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली.

मग ज्यांना मतच नव्हतं, त्यांची ही घटना कशी? आमचं उत्तर असं : तिनं आपल्या हातात मत दिलं म्हणून. मालकाला एक मत आणि खात्यात झाडू मारणाऱ्या बाईलाही एकच मत! १९५१-५२ च्या निवडणुकीत ते पहिल्यांदा चाललं. १७ व्या कलमानं अस्पृश्यता रद्द केली. १९ व्या कलमानं संघटना करण्याचा, युनियन काढण्याचा हक्क दिला. २४ व्या कलमानं १४ वर्षांखालच्या पोराला कारखान्यात जुंपायला बंदी केली. ४३ व्या कलमात जगण्यापुरत्या वेतनाची गोष्ट आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. म्हणजे हक्क लिहिले गेले, भाकरी मात्र लढूनच मिळवायची राहिली.

आता केंद्र आणि राज्य. अमेरिकेत १७८७ साली वेगवेगळी राज्यं जमली आणि त्यांनी मिळून वर एक सरकार बसवलं. आपल्याकडे उलट झालं. इंग्रजानं मुलूख जसा जिंकला तसे प्रांत आखले. त्यात कुणाची बोली कोणती, हे त्यानं पाहिलं नाही. मराठी माणूस तीन दावणींना बांधला गेला : मुंबई प्रांत, मध्यप्रांत-वऱ्हाड आणि निजामाचं संस्थान. त्यात १९४७ ची फाळणी झाली, पाचशेहून जास्त संस्थानं सामील करून घ्यायची होती. देश आणखी फुटू नये म्हणून घटनाकारांनी केंद्र बळकट ठेवलं. भारत हा राज्यांचा 'संघ' आहे आणि कुठल्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही, हे बाबासाहेबांनी १९४८ सालीच घटना समितीत स्पष्ट सांगितलं. त्याला आमची ना नाही. देश एक राहावा याबद्दल मराठी कामगाराच्या मनात कधी शंका नव्हती.

पण बळकट केंद्र म्हणजे मनमानी केंद्र नव्हे. म्हणून सातव्या परिशिष्टात कामाच्या तीन याद्या केल्या. संरक्षण, रेल्वे, चलन केंद्राकडे. पोलीस, शेती, जमीन राज्याकडे. कामगारांचे तंटे आणि युनियन दोघांकडे. आणि दोघांचे कायदे आपसात भिडले, तर बहुतेक वेळा केंद्राचा कायदा वरचढ. या याद्या ज्याला ठाऊक नाहीत, तो मोर्चा भलत्याच दारी नेतो. एका धंद्यात एकाच युनियनला मान्यता देणारा १९४६ चा कायदा मुंबई प्रांताचा होता. तो रद्द करा, ही १९८२ च्या संपातली एक मोठी मागणी होती. संपानंतर १९८३ साली मुंबईच्या १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला तो केंद्रानं. गिरण्यांच्या जमिनीचे नियम मात्र राज्याच्या हातात. १९९१ च्या नियमात त्या जमिनीचा वाटा मोकळ्या जागेला आणि सरकारी घरांना ठेवला होता. २००१ साली राज्यानं नियम बदलला आणि वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. एका दारावर आपण उभे राहिलो आणि दुसऱ्या दारातून जमीन गेली!

आणि तिसरं कलम? हे कलम प्रत्येकानं पाठ करावं. नवं राज्य करणं, राज्याची हद्द किंवा नाव बदलणं, हे सारं संसद साध्या बहुमतानं करू शकते. राज्याच्या विधानसभेचं मत विचारावं लागतं, पण ते ऐकलंच पाहिजे असं नाही. म्हणजे नकाशाची पेन्सिल दिल्लीच्या हातात आहे.

मग ती पेन्सिल हलली कशानं? पोट्टी श्रीरामुलूंनी १५ डिसेंबर १९५२ ला उपोषणात प्राण दिला, तेव्हा १९५३ साली आंध्र झाला. आपल्या माथी १९५६ साली द्वैभाषिक मारलं. १०६ हुतात्म्यांचं रक्त सांडलं, गिरणगाव रस्त्यावर उतरलं, १९५७ च्या निवडणुकीत पेट्या बोलल्या, तेव्हा कुठे १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. कलम तेच होतं, संसदही तीच होती. फरक पडला तो जनतेच्या जोरामुळे.

कुणी म्हणेल, विधानसभेलाच नकाराचा हक्क द्या, म्हणजे दिल्लीची मनमानी थांबेल. आम्ही म्हणतो, थांबा, नीट विचार करा. २०१४ साली आंध्रच्या विधानसभेनं तेलंगणाचं विधेयक नाकारलं आणि तरीही संसदेनं ते मंजूर केलं. विधानसभेच्या हाती कुलूप असतं, तर तेलंगण कधी झालाच नसता. मोठ्या राज्यात जो थोडका आहे, त्याला ते कुलूप तुरुंगासारखं होतं. बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी माणसानं मग कुणाच्या तोंडाकडे पाहायचं? महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. राज्याराज्यांतला तंटा तिथे नेण्याची वाट घटनेनंच ठेवली आहे. पण निवडणुकीत वापरलेलं गावकऱ्याचं मत हद्द आखताना का मोजत नाहीत?

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्या गावांची हद्द बदलायची, त्या गावांतल्या माणसांचं मत आधी घ्या. ती गावं कुठे राहणार, हे दिल्लीच्या सोयीनं ठरू नये आणि राजधानीतल्या बहुमतानंही ठरू नये. याला देशद्रोह म्हणणाराला सांगा : ज्या घटनेनं खात्यातल्या बाईला मालकाच्या बरोबरीचं मत दिलं, तिच्याच न्यायानं आम्ही बोलतो आहोत.

बंधूंनो, पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो येईल, त्याला चहा जरूर पाजा. पण दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू देऊ नका : "आमचं काम कोणत्या यादीत येतं? आणि तिसऱ्या कलमाबद्दल तुमचं म्हणणं काय?" उत्तर देता आलं नाही, तर सांगा, "आधी घटना वाचून या!"

आणि त्याच्या आधी आपणही वाचू. चाळीत एक जण मोठ्यानं वाचेल, दहा जण ऐकतील. आपणही असंच शिकलो.

जय कामगार! जय महाराष्ट्र!