लहान संगणक आणि त्याची यादी

उन्हाळ्याची सुटी लागली कीं आमच्या शाळेचे एकदोन माजी विद्यार्थी हातांत कागद घेऊन आम्हांकडे येतात. कागदावर संगणकाच्या भागांची यादी असते. कोणास शेवगांवच्या एस. टी. स्टँडजवळ, कोणास राहुरीच्या बाजारपेठेंत लग्नपत्रिका, फ्लेक्स व पाट्या यांच्या आराखड्यांचें लहानसें दुकान काढावयाचें असतें. भाड्याचा गाळा दहा फूट लांब, आठ फूट रुंद. त्यांत गिऱ्हाइकास बाक, मालकास टेबल आणि छपाईचें एक यंत्र. म्हणून संगणकाची पेटी लहान हवी, व रात्रीं दुकान बंद करितांना ती पिशवींत घालून घरीं नेतां यावी, अशी त्यांची अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. यादी मात्र बहुधा रास्त नसते. आणि तिच्यासाठीं लागणारा पैसा वडिलांच्या उसाच्या बिलांतून किंवा पतसंस्थेच्या कर्जांतून आलेला असतो. म्हणून ह्या वार्षिकांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं मनांत आणिलें.

मराठी मजकूर नीटनेटका मांडून वाचकांपुढें ठेवण्याचें काम ह्या गांवास नवें नाहीं. 'ज्ञानोदय' पत्र सन १८४२ मध्यें ह्याच अहमदनगरांत, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, निघूं लागलें. शिशाच्या खिळ्यांच्या काळांत जुळारी जीं अक्षरें वारंवार लागत तीं हाताजवळच्या खणांत ठेवी व क्वचित् लागणारीं दूरच्या खणांत. संगणकावर पैसा खर्च करितांनाहि आम्हांस हाच क्रम योग्य वाटतो. दिवसभर जें लागतें त्यास आधीं पैसा द्यावा; जें क्वचित् लागतें त्यास उरल्यास द्यावा.

दोन वर्षांपूर्वीं असाच एक विद्यार्थी यादी दाखवून गेला, पण आमच्या उत्तराची वाट न पाहतां यंत्र घेऊन मोकळा झाला. काचेची पेटी, आंत रंगीत दिवे, खेळांसाठीं प्रसिद्ध असलेलें भलें मोठें ग्राफिक्स कार्ड. आणि ह्या सर्वांत पैसा संपल्यामुळें रॅम अवघी ८ जीबी व मॉनिटरच्या जागीं घरांतला जुना टीव्ही! पहिल्याच लग्नसराईंत फ्लेक्सची फाईल उघडली कीं यंत्र मुकाट बसे. गिऱ्हाईक बाकावर आणि मालक पडद्यावरच्या फिरत्या चक्राकडे पाहत. कार्ड पुढें अर्ध्या किंमतीस विकावें लागलें. हप्ते मात्र पुरे भरावे लागले.

असें कां झालें, हें शाळेंतल्या गणितानेंच कळतें. दहा फूट लांब व चार फूट उंच फ्लेक्स घ्या. दर इंचास ७२ ठिपके धरले तर आडवे ८,६४० व उभे ३,४५६, म्हणजे सुमारें २ कोटि ९९ लक्ष ठिपके झाले. छपाईच्या चार रंगांसाठीं प्रत्येक ठिपक्यास चार बाइट लागतात. तेव्हां एका थराचे जवळजवळ १२ कोटि बाइट झाले. वराचा फोटो, वधूचा फोटो, पार्श्वभूमि, छाया असे पूर्ण आकाराचे दहा थर चढले कीं १२० कोटि; शिवाय केलेलें पुसतां यावें म्हणून यंत्र मागील अवस्थाहि स्मरणांत ठेवितें, ती भर वेगळीच. ८ जीबींतील बराच भाग मूळ प्रणालीनें व ब्राउझरनें आधींच व्यापलेला असतो. जागा पुरली नाहीं कीं यंत्र डिस्कचा आधार घेतें, आणि डिस्क कितीहि वेगवान् असली तरी तिला रॅमची बरोबरी करितां येत नाहीं. म्हणून १६ जीबी ही आम्ही खालची मर्यादा मानितों व ३२ जीबी घ्यावी असें सुचवितों. सन २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढल्यावर हा सल्ला अनेकांस कडू लागला. तरी १६ जीबीची एक पट्टी लावून दुसरी खांच मोकळी ठेवण्याचा मार्ग उरतोच. दोन पट्ट्यांनीं काम थोडें जलद होतें हें खरें. पण ती दुसरी पट्टी दिवाळीनंतर दुकानाच्या कमाईंतून येऊं शकते.

पत्रिका, पाटी, पुस्तकाचें पान ह्या कामांस वेगळें ग्राफिक्स कार्ड सहसा लागत नाहीं. प्रोसेसरच्या अंगीं असलेली चित्रशक्ति पुरते. येथें एक खाचखळगा आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाअखेर 'एफ' हें अक्षर असतें त्यांत ही शक्ति नसते. चार पैसे स्वस्त म्हणून तो घ्यावा आणि मग कार्डासाठीं धांवावें, असें होतें. घरांच्या आंतील सजावटीचीं घनाकृति चित्रें काढणाराची गोष्ट निराळी. त्यानें कार्ड अवश्य घ्यावें.

आतां पेटीकडे येऊं. ज्यास मिनी-आयटीएक्स म्हणतात तो मदरबोर्ड १७० मिलिमीटर चौरस असतो. व्हिया कंपनीनें तो सन २००१ मध्यें पुढें आणिला. त्यावर रॅमच्या बहुधा दोनच खांचा व कार्डास एकच खांच. त्याहून थोरला मायक्रो-एटीएक्स, २४४ मिलिमीटर चौरस. पहिला सुबक दिसतो. पण त्याच्याजोगत्या फार लहान पेटींत नेहमीचा एसएमपीएस मावत नाहीं, एसएफएक्स नांवाचा लहान घ्यावा लागतो. वैशाखांत, ऐन लग्नतिथींच्या दिवसांत, तो जळाला तर काय करणार? नेहमीच्या मापाचा तालुक्याच्या दुकानांतहि त्याच दिवशीं मिळण्याचा संभव असतो. लहान मापाचा पुण्याहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागतो. तोंपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या दुकानांत गेलेलें असतें! म्हणून आमचें मत असें कीं मायक्रो-एटीएक्स बोर्ड व नेहमीचा एसएमपीएस मावेल अशी लहानांतली पेटी घ्यावी. ती टेबलाखालीं सहज बसते. पिशवींतून रोज घरीं नेण्याचा उत्साह पहिल्या पावसापर्यंतच टिकतो, असा आमचा अनुभव आहे.

उष्णतेचा विचार पुण्यामुंबईच्या वातानुकूलित खोलींत बसून याद्या करणारांस सुचत नाहीं. आमच्या पत्र्याच्या गाळ्यांत मे महिन्यांत दुपारीं ४० अंश होतात. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोंचला कीं स्वतःस वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच उतरवितो. मग महागडा प्रोसेसर घेऊन काय साधलें? लहान पेटींत ६५ वॅटचा प्रोसेसर शोभतो. त्यावरील पंख्याची उंची पेटीच्या मापांत बसते कीं नाहीं, हें मिलिमीटरांत मोजून पाहावें. हवा आंत घेणाऱ्या बाजूस धुतां येण्यासारखी जाळी असावी, कारण अवर्षणाच्या ह्या मुलुखांत धूळ ही बारमाही पाहुणी आहे. कार्ड नसेल तर ४५० वॅटचा प्रमाणित एसएमपीएस पुरे. त्यापुढें यूपीएस, व भिंतींत खरोखर जोडलेलें अर्थिंग. तीन भोकांचें सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहेच, असें समजूं नये. वायरमनकडून तपासून घ्यावें.

कार्डाचे वांचलेले पैसे मॉनिटरवर घालावे. आयपीएस जातीचा, एसआरजीबी रंगपट्टा पुरा दाखविणारा, निदान २४ इंची. पडदा प्रकाशानें रंग दाखवितो व छपाई शाईनें, त्यामुळें कांहीं फरक राहणारच. पण वाईट पडद्यावर जुळविलेला पत्रिकेवरचा शेंदरी गणपति कागदावर विटकरी उतरला कीं पांचशें पत्रिका कोणाच्या पदरीं पडतात, हें सांगणें नको. एसएसडी एक टीबीची असावी, आणि कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घरीं असावी.

सॉफ्टवेअरची किंमतहि यादींत धरावी. चोरलेल्या प्रतीवर धंदा उभारूं नये. पैसे नसतील तर इंकस्केप व स्क्रायबस हीं मुफ्त व कायदेशीर साधनें आहेत, त्यांवर पत्रिका उत्तम होते.

कांहीं जण विचारतील कीं हातावर मावणारा तयार मिनी संगणक काय वाईट? वाईट नाहीं. वीज थोडी खातो व भारनियमनांत इन्व्हर्टरवर बराच वेळ चालतो. केवळ पत्रिका करणारास तो आम्ही सुचवूंहि. पण घेण्यापूर्वीं दुकानदाराकडून झांकण उघडवून रॅमची खांच डोळ्यांनीं पाहावी. कित्येकांत रॅम बोर्डावर कायमची डकविलेली असते. ती वाढत नाहीं व बिघडल्यास बदलतां येत नाहीं. असा मात्र घेऊं नये.

शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही चित्रकलेच्या वर्गांत असतों. कागद घेऊन यावें. पैसे देण्यापूर्वीं यावें.