चित्रतुरग आणि चिचुंद्री : मारेकरी प्राण्यांच्या स्वस्त भयपटांविषयी

हीन म्हणून गणल्या गेलेल्या कलाकृतींकडे आपली समीक्षा वळते ती बहुधा समाजशास्त्राच्या वाटेने. रहस्यकथा-भयकथांचा वाचकवर्ग कोणता, फिरत्या वाचनालयांनी त्यांना आश्रय कसा दिला, त्या वाचकाच्या कोणत्या मानसिक गरजा भागवतात, याची चर्चा आपण करतो, आणि ती उपयुक्तही असते. परंतु अशा कृतीतून मिळणारा आनंद कोणत्या जातीचा असतो, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे. आणि तो आपण 'अपरिपक्व अभिरुची' असा शेरा मारून निकालात काढतो. या शेऱ्याने एका गोष्टीचा उलगडा होत नाही. उत्तम कलाकृतींचे संस्कार झालेला रसिकही काही वाईट कृतींकडे पुनःपुन्हा जातो, आणि त्या वाईट आहेत हे पुरते ठाऊक असताना जातो. तो तेथे काय शोधतो?

या प्रश्नाच्या विचारासाठी अमेरिकन चित्रपटांतील एक अगदी तळाचा प्रकार मी निवडला आहे : अत्यल्प भांडवलात काढलेले, मारेकरी प्राण्यांचे भयपट. वाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेत हा विषय काहींना औचित्यभंगाचा वाटेल. पण अनुकृती, रसाभास, हास्य या संकल्पना आपण ज्या ठरावीक उदाहरणांवर वर्षानुवर्षे शिकवीत आलो, त्यांच्याबाहेर त्या कितपत टिकतात हे पाहायचे, तर उदाहरण शक्य तितके दूरचे घेतलेले बरे.

१९५९ साली टेक्सासमध्ये 'द किलर श्रूज' हा चित्रपट तयार झाला. दिग्दर्शक रे केलॉग हा काही नवशिका नव्हता. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या मोठ्या संस्थेत ट्रिक फोटोग्राफीचे काम त्याने पाहिले होते. 'द जायंट गिला मॉन्स्टर' या दुसऱ्या भयपटाशी जोडी जुळवून दोन्ही चित्रपट एकत्र दाखवावयाचे, अशी योजना होती. मोटारीत बसून मैदानावरील पडद्यावर चित्रपट पाहण्याची, म्हणजे 'ड्राइव्ह-इन'ची, तेव्हा अमेरिकेत चलती होती, आणि अशा जोडपटांची मागणी मुख्यतः तेथूनच येत असे.

'श्रू' म्हणजे आपल्या चिचुंद्रीच्या कुळातला प्राणी. चित्रपटातील शास्त्रज्ञ एका बेटावर माणसाचा आकार लहान करता येईल काय, याचे संशोधन करीत असतो. माणसे लहान झाली तर अन्न कमी लागेल, असा त्याचा हिशेब. प्रयोगातल्या चिचुंद्र्या मात्र लहान होण्याऐवजी कुत्र्याएवढ्या होऊन निसटतात, बेटावरचे इतर प्राणी फस्त करतात आणि मग घरात अडकलेल्या मूठभर माणसांकडे वळतात. बाहेर वादळ आहे, होडीपर्यंत पोहोचता येत नाही. कल्पना म्हणून पाहिली तर ही गोष्ट मुळीच पोरकट नाही. चिचुंद्रीला जवळजवळ अखंड खावे लागते आणि थोड्या उपासानेही ती मरते, हे प्राणिशास्त्रीय सत्य आहे. तिच्या काही जातींची लाळ विषारी असते, हेही सत्यच. भिंतीच्या कडेने चिकचिकत पळणाऱ्या त्या एवढ्याशा जिवाची भूक कुत्र्याच्या देहात घातली तर काय होईल, हा विचार खरोखर अंगावर काटा आणणारा आहे.

आणि मग चिचुंद्र्या दिसतात. ते कुत्रे आहेत.

कुत्र्यांच्या अंगावर केसाळ आच्छादने चढवलेली आहेत, मागे शेपट्या लावलेल्या आहेत. जबडा जवळून दाखवायचा असेल तेव्हा हातात घालावयाच्या बाहुलीचे डोके पुढे केले जाते. पण मोकळ्या जागेतून त्या धावू लागल्या की कुत्र्याची चाल लपत नाही. पाहणाऱ्याला हसू येते. हे हसू येथे का येते, हेच तपासायचे आहे.

श्रीशंकुकाने नाट्यप्रतीतीचे स्वरूप सांगताना दिलेला चित्रतुरगन्याय आपण सर्वजण शिकवतो. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' अशी जी प्रतीती होते ती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि सादृश्यरूपही नव्हे. ती या चारींहून विलक्षण असते. भट्टतौतांनी या अनुकरणवादाचे खंडन केले हे खरे. तरीही प्रस्तुत संदर्भात तो दृष्टान्त मला फार उपयोगी वाटतो, कारण येथे तो नेमका उलटा होतो. चित्रातील घोडा हा रंगरेषांचा असतो. रंगरेषांना स्वतःचे जगणे नसते, म्हणून त्या निमूटपणे घोडा होतात. 'किलर श्रूज'मध्ये चिचुंद्रीचे चित्र काढायला जी सामग्री वापरली आहे ती स्वतःच एक जिवंत प्राणी आहे. ती सामग्री चित्रात विरघळत नाही. आपण 'ही चिचुंद्री' असे म्हणू पाहतो आणि तोंडातून 'हा कुत्रा' असे निघते. आणि ही दुसरी प्रतीती पूर्णपणे सम्यक् असते.

केवळ पैशाच्या टंचाईमुळे असे होते, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. आर.के.ओ. संस्थेसाठी व्हॅल ल्यूटन यांनी निर्माण केलेला आणि जाक तूर्नर यांनी दिग्दर्शित केलेला 'कॅट पीपल' (१९४२) हाही अल्प खर्चाचा चित्रपट. पण त्यातले हिंस्र जनावर सावलीत आणि आवाजात राहते, आणि भय टिकून राहते. स्टीव्हन स्पिलबर्गच्या 'जॉज'चे (१९७५) उदाहरण तर प्रसिद्धच आहे. यंत्राचा शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बिघडे, म्हणून तो पडद्यावर कमी दाखवावा लागला, आणि त्या नाइलाजातून व्यंजना सिद्ध झाली. आपल्या परिभाषेत बोलायचे तर भयानकाचे पोषण व्यंजनेने होते. स्वस्त प्राणिपटाचे मात्र अभिधेवाचून भागत नाही. शीर्षकाने आणि भित्तिपत्रकाने जो प्राणी कबूल केला तो दाखवावाच लागतो; आणि तो दाखवताक्षणी भयाचा भंग होतो.

सुझन सोंटॅग यांनी 'कॅम्प' या अभिरुचीवर १९६४ साली 'पार्टिझन रिव्ह्यू'मध्ये अठ्ठावन्न टिपणे प्रसिद्ध केली, ती या चर्चेत टाळता येत नाहीत. 'कॅम्प'ला मराठीत प्रतिशब्द नाही. 'भडक' म्हणावे तर त्यात केवळ निंदा उरते; 'नाटकी' म्हणावे तर ढोंगाचा वास येतो. 'भाबडा अतिरेक' असा पर्याय मी सुचवीन, पण तोही अर्धाच आहे, कारण कॅम्प हा कृतीचा गुण जितका आहे तितकाच पाहणाऱ्याच्या दृष्टीचाही आहे. सोंटॅग यांचा महत्त्वाचा भेद असा : शुद्ध कॅम्प अजाणता घडतो, तो गंभीरपणे केलेल्या आणि फसलेल्या महत्त्वाकांक्षेतून जन्मतो. जाणूनबुजून केलेला कॅम्प दुय्यम प्रतीचा. 'किलर श्रूज'ला हे लक्षण चपखल लागू पडते. त्यातील शास्त्रज्ञाची भूमिका बारूक ल्युमेट यांनी केली आहे : यिडिश रंगभूमीवरचे मुरलेले नट, आणि दिग्दर्शक सिडने ल्युमेट यांचे वडील. लोकसंख्या आणि अन्न यांविषयीची आपली वाक्ये ते अशा तळमळीने बोलतात, की समोर केस चिकटवलेले कुत्रे उभे आहेत याचा त्यांना जणू पत्ताच नाही. शेवटी उरलेली माणसे धातूच्या टाक्या उलट्या करून एकत्र बांधतात, त्यांच्या आत शिरतात आणि वाकून एकेक पाऊल टाकीत समुद्राकडे निघतात. या प्रसंगी कोणीही मिस्कीलपणे आपल्याकडे पाहत नाही.

पण सोंटॅग यांच्या विवेचनात या चित्रपटांपुरती एक भर घालणे मला आवश्यक वाटते. त्यांनी सांगितलेले अजाणतेपण निर्मात्याचे आहे. प्राणिपटात त्याहून खोल असे दुसरे अजाणतेपण असते, ते प्राण्याचे. नट कितीही वाईट असला तरी आपण अभिनय करीत आहोत हे त्याला ठाऊक असते. कुत्र्याला ते ठाऊक नसते. परक्याच्या चेष्टांचे अनुकरण हे भरतमुनींनी हासाचे एक कारण सांगितले आहे. ते येथे लागू नाही, कारण कुत्रा कोणाचेच अनुकरण करीत नाही. विकृत वेष हा विभाव आहे, पण वेष धारण करणाऱ्याला त्याची दखलही नाही. कोणी तरी पळायला सांगितले म्हणून तो आनंदाने पळतो आहे. त्यामुळे आपल्या हास्यात उपहास फार काळ तग धरीत नाही. ज्याने काही दावाच केला नाही त्याचा उपहास कसा करणार? त्या हास्यात वत्सलतेची एक छटा मिसळते, आणि माझ्या मते या चित्रपटांकडे रसिक परत जातो तो तिच्यासाठी.

'नाइट ऑफ द लेपस' (१९७२) हा चित्रपट या दृष्टीने अधिकच बोधक आहे. एम.जी.एम.सारख्या नामांकित संस्थेचा आणि 'सायको'मुळे कीर्ती मिळालेल्या जॅनेट ली यांचा हा चित्रपट. त्यातला मारेकरी प्राणी ससा. 'लेपस' हा सशाचा लॅटिन शब्द शीर्षकात घालून जणू ती नामुष्की झाकली आहे. अ‍ॅरिझोनातील सशांची संख्या विष न घालता आटोक्यात आणण्याच्या प्रयोगातून लांडग्याहून मोठे ससे निपजतात आणि माणसांना फाडून खातात. प्रत्यक्षात पडद्यावर दिसतात ते पाळीव ससे, छोट्या प्रतिकृतींच्या रस्त्यांवरून संथ केलेल्या गतीने उड्या मारणारे; तोंडाला लाल रंग फासलेला. मध्येच थांबून ते नाक हलवतात. मूळ कादंबरी, रसेल ब्रॅडन यांची 'द इयर ऑफ द अँग्री रॅबिट' (१९६४), ऑस्ट्रेलियात घडते आणि ती उपरोधिक आहे. चित्रपट करणाऱ्यांनी तिच्यातला उपरोध काढून टाकला आणि शुद्ध भयानक साधण्याचा चंग बांधला. काढून टाकलेले हास्य दुसऱ्या दाराने आत आले, आणि ते मुळातल्यापेक्षा निर्मळ होऊन आले. शेवटाकडे पोलीस एका ड्राइव्ह-इनवर जाऊन मारेकरी ससे येत असल्याचे जाहीर करतात आणि प्रेक्षकांकडे मोटारींच्या दिव्यांची मदत मागतात. एकही जण हसत नाही. सगळे मुकाट्याने मोटारी सुरू करतात. आदर्श सहृदय पाहायचा असेल तर तो येथे आहे.

अनौचित्यातून रसाभास होतो आणि कोणत्याही रसाचा आभास अखेर हास्याकडे नेतो, हे अभिनवगुप्तांचे मत सुपरिचित आहे. रावणाच्या सीतेवरील रतीचे उदाहरण घेतले तर तेथे आधी तन्मयता आहे, आभासाची जाणीव मागाहून. प्राणिपटात हा क्रम उलटतो. आभास प्रथमदर्शनीच उघड होतो, हसणे पहिल्या काही मिनिटांत आटोपते. चित्रपट मात्र अजून तासभर चालायचा असतो. त्या तासात जे घडते त्याचे वर्णन आपल्या परंपरेत मला सापडत नाही. हसून झालेला प्रेक्षक हळूहळू त्या फसलेल्या जगात राहू लागतो. टाक्यांखाली वाकून चालणाऱ्या माणसांपैकी कोण वाचेल, याची त्याला थोडीशी का होईना, काळजी वाटू लागते.

'शार्कनेडो' (२०१३) पाहताना मला ही काळजी कधी वाटली नाही. वावटळीबरोबर आकाशातून शार्क पडतात, नायक यांत्रिक करवत घेऊन त्यांना चिरतो. २०१८ पर्यंत या मालिकेचे सहा चित्रपट निघाले. येथे निर्मात्यांनी आपल्या आधीच हसून घेतले आहे. याला विडंबन म्हणावे तर विडंबनाला मूळ कृतीविषयीचे बारीक भान लागते. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'मध्ये ते पदोपदी आहे. 'शार्कनेडो'ला विडंबनाचे कष्टही नकोत आणि गांभीर्याची जोखीमही नको. शिवाय त्यातले शार्क संगणकाने काढलेले आहेत. त्यांच्यामागे कोणताही कुत्रा धावत नाही.

यावर आक्षेप येईल तो 'बर्डेमिक'चा (२०१०). जेम्स न्युएन यांच्या या चित्रपटातील गरुडही संगणकाचेच, हवेत एका जागी पंख हलवीत लटकलेले. लोक त्यांच्याशी कपडे टांगावयाच्या हँगरांनी लढतात. तरीही या चित्रपटावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांच्यात आहे. म्हणजे प्राण्याचे अजाणतेपण ही अनिवार्य अट नव्हे. दिग्दर्शकाचे अजाणतेपण पुरेसे असेल तर त्यावरही भागते. पर्यावरणाच्या हानीविषयी न्युएन यांना मनापासून काही सांगायचे आहे, हे प्रत्येक दृश्यात जाणवते. मात्र नाक हलवणाऱ्या सशाची जागा हे गरुड घेऊ शकत नाहीत, एवढा भेद मी राखून ठेवीन.

आपल्या अध्यापनाशी या साऱ्याचा संबंध मला दूरचा वाटत नाही. पदव्युत्तर वर्गात 'मुक्तामाला' (१८६१) किंवा 'मंजुघोषा' वाचताना विद्यार्थी हसतात. योगायोगांची रास, संकटांची परंपरा, सुष्टदुष्टांची ठळक वाटणी यांमुळे ते हसू सहज येते. आपण ते ताबडतोब थांबवतो आणि 'त्या काळाच्या मानाने' अशी सुरुवात करून कादंबरीची बाजू सावरू लागतो. या सावरण्याने कादंबरी वाचत नाही. ती दस्तऐवज होते. हसणारा विद्यार्थी निदान तिच्या जगात शिरलेला असतो. त्याला हसू देऊन पुढची पन्नास पाने वाचायला लावली, तर हसणे संपल्यावर हळबे किंवा रिसबूड यांच्या तळमळीपाशी तो पोहोचणारच नाही, असे कशावरून? 'अद्भुतरम्य कादंबरीच्या मर्यादा स्पष्ट करा' हा प्रश्न आपण आलटूनपालटून विचारत असतो. त्या मर्यादांमधून मिळणाऱ्या आनंदाचे स्वरूप विचारणारी प्रश्नपत्रिका अद्याप माझ्या पाहण्यात आलेली नाही.