मनगटावरचा काळा दोरा आणि लॉ कॉलेजातले 'डिजिटल हक्क'

पेशव्यांच्या राज्यात अस्पृश्याला मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे. चुकून स्पर्श होऊन कोणी सवर्ण बाटू नये, म्हणून ही खूण. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे नोंदवून ठेवले आहे.

आता नागपूरला या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी जिथे गुलामीच्या सगळ्या खुणा फेकून दिल्या, ते हे शहर. याच शहरात महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे चढली. कामगार कुठे उभा आहे, नेमून दिलेल्या हद्दीत किती वेळ आहे, हे घड्याळ दूर बसलेल्या साहेबाला कळवते. हजेरी आणि पगार त्या नोंदीला जोडले जातात. चंदीगड आणि पंचकुलातही अशीच घड्याळे आली आणि तिथल्या कामगारांनी रस्त्यावर उतरून त्यांना विरोध केला.

लगेच कोणीतरी म्हणेल, यात जात कुठे आली? कामचुकारांना आळा बसतो, कागदावरचे खोटे कामगार उघडे पडतात, यंत्राला कुठे जात कळते?

यंत्राला कळत नसेल, पण ते कोणाच्या मनगटावर आधी चढवायचे हे ठरवणाऱ्याला नक्की कळते. या देशात झाडू कोणाच्या हातात आहे हे सांगायला जनगणनेची गरज नाही. टेबलावर फाईल दोन-दोन वर्षे अडवून ठेवणाऱ्याच्या पगाराला असा मिनिटाचा काटा कोणी लावला? ठेकेदाराच्या बिलामागे अशी पाळत कधी लागली? गटारात माणूस उतरवायला कायद्याने बंदी आहे. २०१३ चा कायदा आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली, तरी माणसे उतरवली जातात आणि मरतात. गटार साफ करणारे यंत्र आमच्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही, आमच्या माणसावर नजर ठेवणारे यंत्र मात्र पहिल्या झटक्यात पोहोचते. हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

आमचा प्रश्न मात्र महापालिकेपेक्षा दुसऱ्याच कोणाला आहे. देशातल्या मोठमोठ्या लॉ कॉलेजांत आज तंत्रज्ञान आणि नीती, डिजिटल हक्क, माहितीचे संरक्षण या विषयांवर केंद्रे आहेत, परिषदा होतात, पेपर छापले जातात. तिथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी चांगले कामही केले आहे, ते आम्ही नाकारत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या निकालात खासगीपणाचे मूळ माणसाच्या प्रतिष्ठेत शोधले आहे. प्रतिष्ठा हा तर आमच्या चळवळीचा पहिला शब्द. मग ही प्रतिष्ठा परिषदेच्या सभागृहातून सफाई कामगाराच्या मनगटापर्यंत का येत नाही?

कारण त्या सभागृहात खासगीपणा म्हणजे प्रामुख्याने कंपनीने आपल्या मोबाईलमधली माहिती चोरू नये, जाहिराती मागे लागू नयेत. हा प्रश्न खोटा नाही, पण तो मोबाईलला 'नाही' म्हणू शकणाऱ्या माणसाचा आहे. घड्याळाला 'नाही' म्हटले की पगार कापला जाणाऱ्या कामगाराचा प्रश्न वेगळा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम ७ उघडून पाहा. नोकरीच्या कारणासाठी कामगाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरण्याची मुभा मालकाला तिथे दिली आहे. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्याची संमती विचारायचीही गरज नाही.

याच कायद्याची आणखी एक गोष्ट आमच्या तरुणांनी पाठ करून ठेवावी. २०१८ चा श्रीकृष्ण समितीचा मसुदा आणि २०१९ चे विधेयक, या दोन्हींत 'जात किंवा जमात' ही संवेदनशील माहिती मानली होती. तिला जास्त संरक्षण मिळणार होते. २०२३ च्या कायद्यात संवेदनशील माहितीचा तो वर्गच गायब झाला आणि त्याबरोबर जातही गेली. आमच्या मुलांचे जातीचे दाखले शिष्यवृत्तीच्या, प्रवेशाच्या, वसतिगृहाच्या, नोकरीच्या प्रत्येक पोर्टलवर चढवलेले आहेत. ही माहिती फुटली तर दंड आहे, अडीचशे कोटींपर्यंत आहे, पण तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याची जात चव्हाट्यावर आली त्या पोराला या कायद्याखाली एक रुपयाचीही भरपाई नाही. यावर जितका गदारोळ व्हायला हवा होता, तितका झाला नाही. ज्यांच्यासाठी जात ही लपवावी लागणारी गोष्ट कधी नव्हतीच, त्यांना ती यादीतून गेल्याचे दुखणार कसे?

लॉ कॉलेज काय करू शकते याचे उदाहरण अमेरिकेत आहे. जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉईटच्या पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय माणसाला बायको आणि दोन लहान मुलींसमोर बेड्या घातल्या. आरोप घड्याळे चोरल्याचा. चेहरा ओळखणाऱ्या यंत्राने त्याच्या जुन्या लायसन्सचा फोटो चोराच्या अंधुक चित्रफितीशी जुळवला होता. जवळजवळ तीस तास तो कोठडीत होता. त्याने चोरी केलीच नव्हती. त्याच्या वतीने जो दावा लढवला गेला, त्यात नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेबरोबर मिशिगन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमधले विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक होते. जून २०२४ मध्ये तडजोड झाली. केवळ यंत्राने चेहरा जुळवला म्हणून कोणाला अटक करता येणार नाही, हे डेट्रॉईटच्या पोलिसांना मान्य करावे लागले. त्या विद्यार्थ्यांनी पेपर लिहिण्यावर न थांबता एका माणसाचा खटला हातात घेतला आणि शहराचा नियम बदलला.

आमच्याकडे रॉबर्ट विल्यम्स कोण होणार हे आम्हाला आजच माहीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. कायदा १९५२ साली रद्द झाला, संशय रद्द झाला नाही. गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पालावर जातात. महाराष्ट्र सरकारने पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवण्यासाठी २०२४ साली 'मार्व्हल' ही कंपनी काढली, तीही नागपुरातच. अशा यंत्रांना पोलिसांच्या जुन्या नोंदी खाऊ घातल्या, तर ती काय शिकतील? दीडशे वर्षांचा पूर्वग्रह गणिताच्या भाषेत परत येईल आणि न्यायालयात त्याला शास्त्रीय पुरावा म्हटले जाईल. त्या दिवशी उलटतपासणी घेणारा वकील आमच्याकडे आहे का?

हा वकील बाहेरून येणार नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट परीक्षा इंग्रजीत, फी लाखांत. तिथे पोहोचलेल्या आमच्या मोजक्या मुलामुलींनी हा विषय 'त्यांचा' म्हणून सोडू नये. जिल्ह्याच्या लॉ कॉलेजात मराठीतून शिकणाऱ्यांनी तर अजिबात सोडू नये. कारण घड्याळ घातलेला कामगार त्यांच्याच गल्लीत राहतो.

थोडे स्वतःबद्दलही बोलू. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. मुलांचे जातीचे दाखले, आधार, बँकेचे पासबुक सरळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवत होतो. एका मुलीने विचारले, "दादा, हा दाखला अजून कोण कोण बघतं?" ग्रुपमध्ये तेव्हा दोनशेच्या वर माणसे होती. आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही ग्रुप रिकामा केला, पण ज्यांच्या मोबाईलमध्ये ते दाखले गेले ते गेलेच. सरकारला जाब विचारण्याआधी संघटनांनी आपले घर आवरले पाहिजे. काम झाले की कागद पुसायचे, आणि कागद कोणाकडे आहेत ते माहीत असलेच पाहिजे.

दुसरे काम माहिती अधिकाराचे. याच २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते लागूही झाले. 'वैयक्तिक माहिती' एवढे दोन शब्द लिहून अर्ज फेटाळण्याची सोय झाली. अनुशेष किती, राखीव जागेवर बोगस दाखल्याने कोण बसले, हे विचारले की हेच उत्तर येणार. आमच्या माणसाची हालचाल मिनिटामिनिटाला उघडी आणि साहेबाची नेमणूक झाकलेली, असा हा न्याय आहे. पण कलम ८(२) अजून शाबूत आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. प्रत्येक अर्जात ते कलम लिहा, हित कोणते ते दोन ओळींत मांडा, नाकारले तर अपील करा.

तिसरे, आपापल्या शहरात विचारा. सफाई कामगारांच्या घड्याळांचा ठेका कोणाला, किती रुपयांना? नोंदी किती वर्षे ठेवणार? बॅटरी संपली, नेटवर्क गेले म्हणून किती जणांचा पगार कापला? ही उत्तरे घेऊन कामगारांच्या युनियनकडे जा आणि मग लॉ कॉलेजच्या प्राध्यापकांकडे जा. त्यांना म्हणा, सर, मॅडम, पुढची परिषद सफाई कामगारांच्या वस्तीत, मराठीत घ्या.

बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी त्यांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. वर्गातला कायदा आणि वस्तीतला लढा त्यांनी कधी वेगळा ठेवला नाही. काळा दोरा आमच्या पूर्वजांनी तोडला. हे घड्याळ उतरवायचे असेल, तर कायद्याचे पुस्तक आमच्याच हातात लागेल.

जय भीम!