ध्वनिविचाराच्या प्रात्यक्षिकासाठी निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
मराठी अभ्यास मंडळ

विषय : एम. ए. मराठीच्या भाषाविज्ञान विषयात ध्वनिविचाराचे प्रात्यक्षिक सुरू करणेबाबत.

महोदय,

'स्वनिम म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा' हा प्रश्न आम्ही दरवर्षी उत्तम सोडवतो, कारण व्याख्या आणि उदाहरणे दोन्ही पाठ असतात. मात्र ध्वनिमुद्रण ऐकून त्यातला तालव्य 'च' कोणता आणि दंततालव्य कोणता, हे सांगण्याची वेळ आमच्यावर कधीच येत नाही. 'थोडेसे' या अर्थाचा 'जरा' आणि 'म्हातारपण' या अर्थाचा 'जरा' कागदावर एकसारखेच दिसतात. त्यांतला भेद कानाला कळतो, आणि आमच्या परीक्षेत कानाला कामच नाही.

वर्गात बुलढाण्याकडचे विद्यार्थी 'डोळा'ला 'डोया' म्हणतात, उरणकडचे आगरी विद्यार्थी 'डोला'. 'ळ'ची ही वाटचाल अभ्यासायला याहून चांगली सामग्री कुठली आणायची? तूर्त तिच्यावर फक्त हशा पिकतो.

म्हणून आमची मागणी अशी की, या विषयाच्या शंभरपैकी तीस गुण प्रात्यक्षिकासाठी राखावेत. त्यात ऐकलेले बोलणे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवून घेणे असावे, तसेच प्रत्येकाने घरच्या किंवा गावच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे बोलणे तिच्या संमतीने मुद्रित करून त्याचे विश्लेषण सादर करावे. अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, वारली अशा बोलींची सर्वेक्षणे करून ठेवली आहेत. डेक्कन कॉलेजच्या अलीकडच्या बोली-सर्वेक्षणातील ध्वनिमुद्रणे तर संकेतस्थळावर ऐकता येतात. ती तासाला लावावीत.

खर्चाची अडचण सांगितली जाईल, याची आम्हाला कल्पना आहे. ध्वनींचे आलेख दाखवणारी 'प्राट' ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते आणि विभागातल्या जुन्या संगणकावरही चालते. बरा मायक्रोफोन तेवढा घ्यावा लागेल.

खरी अडचण शिकवणाऱ्यांची आहे. आमच्या प्राध्यापकांचा पिंड साहित्याचा. त्यांच्यावर हा विषय वेळापत्रकाने लादला आहे, त्यांना दोष देण्यासाठी हे निवेदन नाही. १९५०च्या दशकात डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग भरत. त्या धर्तीवर प्राध्यापकांसाठी सुट्टीत प्रशिक्षणवर्ग घ्यावा आणि तोवर भाषाविज्ञानातील पदवीधराची तासिका तत्त्वावर नेमणूक करावी.

मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय घेऊन निर्णय आम्हाला लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
एम. ए. मराठी, भाग १ व २ चे विद्यार्थी

(सोबत : स्वाक्षऱ्यांची यादी)