पावसाने जोपासलेले सूर

अमेरिकेच्या वायव्य भागात, वॉशिंग्टन राज्यातील कॅस्केड पर्वतराजीच्या पायथ्याशी डॅरिंग्टन नावाचे लहानसे गाव वसले आहे. लोकसंख्या सुमारे चौदाशे. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग या पर्वतावर अडतात आणि बरसतात. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याचा दाह शमविण्यासाठी येतो. तेथे तो हिवाळ्याचा सोबती असतो. जुलै महिना मात्र तेथे बहुधा कोरडा, स्वच्छ उन्हाचा असतो.

या पावसाने घनदाट अरण्ये वाढविली आणि अरण्यांनी माणसे बोलावली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्वेकडील नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगराळ भागातून अनेक कुटुंबे लाकूडतोडीच्या कामासाठी येथे आली. त्यांना ‘टार हील’ म्हणत. घरदार मागे राहिले. पण फिडल आणि बँजो वाजविणारे हात सोबत आले. पुढे केंटकीच्या बिल मन्रो यांनी ‘ब्लूग्रास’ संगीताला आकार दिला आणि १९४५ मध्ये त्यांच्या वाद्यवृंदात नॉर्थ कॅरोलिनाचेच अर्ल स्क्रग्ज बँजोसह सामील झाले. तेव्हा डॅरिंग्टनच्या या कुटुंबांना ते संगीत आपलेच वाटावे, यात नवल नव्हते.

ब्लूग्रासमध्ये मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि डबल बेस ही विजेविना वाजणारी वाद्ये असतात. जुन्या पद्धतीत सर्वांमध्ये मिळून एकच ध्वनिक्षेपक असे. ज्याची पाळी, तो पुढे येई. आपले वादन संपताच मागे सरून दुसऱ्याला साथ देई. पुढे येण्याइतकेच वेळेवर मागे सरणेही येथे शिकावे लागते.

या वाद्यांचेही पावसाशी नाते आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरील दमट हवेत सिट्का स्प्रूस हा वृक्ष वाढतो. त्याचे लाकूड वजनाने हलके, तरीही ताठ असल्यामुळे गिटारचा दर्शनी फलक आणि पियानोच्या पोटातील ध्वनिफलक त्यापासून बनवितात. दूरच्या एखाद्या घरात कोणी एकटाच पियानो वाजवीत असेल, तर त्या सुरांतही याच किनाऱ्याचा पाऊस मुरलेला असू शकतो.

परंतु अरण्यावरील उपजीविका चिरकाल टिकली नाही. जुन्या अरण्यात राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला १९९० मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले आणि सरकारी वनांतील तोड झपाट्याने घटली. जिवांचे रक्षण आवश्यकच होते. तरीही अनेक घरांची चूल संकटात आली, हेही तितकेच खरे. पुढे २२ मार्च २०१४ रोजी, दीर्घ पावसानंतर, जवळच्या ओसो येथे डोंगराचा कडा कोसळला. ४३ माणसे मृत्युमुखी पडली आणि गावाचा मुख्य रस्ता चिखलाखाली गाडला गेला. शोधकार्यासाठी धावलेल्यांत डॅरिंग्टनचे लाकूडतोडेही होते.

या गावात १९७७ पासून ब्लूग्रास महोत्सव भरतो. त्या दुःखद वर्षीही जुलैमध्ये तो भरला. जेथे पावसाने इतके हिरावून नेले होते, तेथेच लोक पुन्हा मोकळ्या आकाशाखाली एकत्र बसले.

हे संगीत जगविण्यासाठी मोठ्या कंपन्यांची वाट कोणी पाहिली नाही. सिअॅटलचे फिल आणि व्हिव्हियन विल्यम्स हे दांपत्य डॅरिंग्टनच्या वादकांसोबत बसून वाजवीत असे. १९६७ मध्ये त्यांनी ‘व्हॉयेजर रेकॉर्डिंग्ज’ ही स्वतःची छोटी संस्था काढून जुन्या फिडलवादकांचे वादन ध्वनिमुद्रित करून ठेवले. ते केले नसते, तर कित्येक चाली त्या वृद्ध बोटांबरोबरच लोपल्या असत्या.

घरातील वडीलधाऱ्यांना येणारी एखादी चाल, एखादी ओवी वेळीच ऐकून घ्यावी, हे डॅरिंग्टनने सांगावे लागू नये. परंतु त्या गावाची कथा ऐकल्यावर आजीजवळ थोडा वेळ बसावेसे वाटले, तर ते उचितच होय.