भिंग सुटे, म्हणून माणूस बाहेर

गेल्या हिवाळ्यात अबुधाबीतल्या एका मैफलीच्या दारावर माझा कॅमेरा अडवला गेला. कारण एकच, त्याचे भिंग सुटे होते. तीनच आठवड्यांपूर्वी त्याच मैदानात हाच कॅमेरा घेऊन मी गेलो होतो, तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. कॅमेरा गाडीत ठेवून परत येईपर्यंत दोन गाणी संपली होती.

कॅमेराबंदीला माझा विरोध नाही. दर कार्यक्रमाला, दर दाराला बदलणाऱ्या बंदीला आहे.

बंदीचे समर्थक म्हणतात, सुट्या भिंगाचा कॅमेरा म्हणजे धंदेवाईक कॅमेरा. तो रोखला की चित्रणाची चोरी थांबते. फिल्मच्या काळात हे पटण्यासारखे होते. पण सॅमसंगच्या एस२१ ते एस२३ अल्ट्रा या फोनांना दहापट ऑप्टिकल झूम होता आणि 2023च्या एस२३ अल्ट्रामध्ये तर 200 मेगापिक्सेलचा सेन्सर. असा फोन खिशात घालून माणूस सरळ आत जातो आणि गाणे चालू असतानाच ते जगभर थेट दाखवू शकतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात सिमकार्डसुद्धा नाही. चोरीची भीती खरी असेल, तर बंदी चुकीच्या वस्तूवर आहे.

दुसरा आधार दिला जातो तो कायद्याचा. अमिरातीत परवानगीविना दुसऱ्याचे खासगी चित्रण करणे गुन्हा आहे. 2 जानेवारी 2022पासून लागू झालेला सायबर गुन्ह्यांविरुद्धचा 2021चा 34 क्रमांकाचा कायदा त्याबाबत कडक आहे, आणि तो असावाच. शेजारच्या रांगेतल्या बाईंचा फोटो त्यांना न विचारता काढणे फोननेही तितकेच वाईट. कायदा कृती पाहतो, भिंग सुटे की जडवलेले हे पाहत नाही.

कलावंताच्या हक्काचा मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करतो. डेव्ह शापेलसारखा विनोदवीर, जो 2024 साली यास बेटावरच्या एतिहाद अरीनातही येऊन गेला, प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशव्यांत ठेवायला लावण्यासाठी ओळखला जातो. आपल्याकडे 2019 साली नाशिकला प्रेक्षागृहातल्या फोनमुळे सुमीत राघवन यांनी नाटकाचा प्रयोग थांबवला, तेव्हा मी मनापासून त्यांच्या बाजूने होतो. नाट्यगृहाच्या अंधारात एक उजळलेला पडदासुद्धा नटाची तंद्री मोडतो. अशी सरसकट बंदी न्याय्य आहे, कारण ती सर्वांना सारखी आहे. 2025च्या जानेवारीत झायेद स्पोर्ट्स सिटीत चार रात्री गायलेल्या कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन तर एका गाण्यापुरतेच फोन खिशात ठेवायला सांगतो. या दोन्ही रीतींत कलावंताची इच्छा प्रेक्षकाला स्पष्ट कळते.

आणि हे शहर असा नीट नियम करू शकते. लूव्र अबुधाबीत फोटो काढता येतात. फ्लॅश आणि तिकाटणे चालत नाही. म्हणजे चित्राला व माणसांना जे बाधते, तेवढेच बंद.

मैफलींनाही हेच लावावे. फ्लॅश नको. मागच्याची नजर अडेल असे हात उंचावणे नको, मग हातात टॅब्लेट असो वा फोन. मोठ्या भिंगांनी खरोखरच जागा अडत असेल, तर सेंटिमीटरमध्ये माप सांगा. ‘धंदेवाईक दिसणारा’ हे माप नव्हे. हे सारे तिकीट विकतानाच छापा, कारण दिरहम मोजून झाल्यावर कळलेला नियम प्रेक्षकाच्या काही कामाचा नसतो. आणि दारावर वस्तू ठेवून घेणारी खिडकी हवी. शिर्डीला समाधी मंदिरात मोबाइल नेता येत नाही, पण तो बाहेर ठेवण्याची सोय असते. भक्ताला कुणी घरी पाठवत नाही.

सुरक्षेमुळे इतकी बारकाई शक्य नाही, असे आयोजक म्हणतील. पण पिशवी तर ते उघडून बघतातच. उघडल्यावर काय चालेल हे ठरलेले असेल तर वेळ वाचेल. ठरलेले नसते, म्हणून वाद होतो, आणि तो झेलतो दारावरचा पहारेकरी.

मला अडवणारा मुलगा नेपाळी होता, विशीतला. मी आवाज चढवला, याची मला अजून लाज वाटते. तो हळूच म्हणाला, “सर, मुझे जितना बोला है, उतना ही करता हूँ.” नियम कुठे लिहिलाय, असे मी विचारले. त्याने खिसे चाचपले, मागे उभ्या असलेल्या वरिष्ठाकडे पाहिले. त्याच्याकडेही कागद नव्हता.